काँक्रीटवरची भाजी

कुंडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गुलाब येतो, मोगरा येतो, फार तर कढीपत्ता. अंगणातलं तुळशीवृंदावन हीसुद्धा तशी एक मोठी कुंडीच, पण तिथलं रोप पूजेचं. रोजच्या जेवणाची भाजी पिंपात, पेटीत किंवा विटांच्या हौदात काढायची म्हटली की आपण त्याला हौस म्हणतो. माझ्याही गच्चीवर दोन पिंपांत वांगी आहेत आणि ती हौसच आहे. वांगी धरली नाहीत तर मंडईत मिळतात. पण मंडईच रिकामी पडली तर? इतिहास शिकवणारा माणूस असल्यामुळे मला या प्रश्नाचं कुतूहल आहे, कारण एका देशावर ही वेळ खरोखरच आली होती. तो देश म्हणजे क्युबा आणि काळ १९९० नंतरच्या चारपाच वर्षांचा.

क्युबा हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. लोकवस्ती तेव्हा एक कोटीच्या थोडी वर होती. मुख्य पीक ऊस. शेजारच्या अमेरिकेने १९६०च्या दशकापासून व्यापारबंदी घातलेली. त्यामुळे क्युबाची साखर सोव्हिएत संघ घ्यायचा, तीही चढ्या भावाने, आणि बदल्यात तेल, खतं, ट्रॅक्टर, धान्य पाठवायचा. आपल्याकडच्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे चटकन समजेल. सगळी जमीन एका पिकाखाली आणि सगळं पीक एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर. १९९१मध्ये ते गिऱ्हाईकच जगाच्या नकाशावरून नाहीसं झालं.

तेलाची आयात पाहता पाहता निम्म्यावर आली. ट्रॅक्टर उभे राहिले, बस बंद पडल्या आणि सरकारने चीनमधून दहा लाखांहून जास्त सायकली मागवल्या. फिडेल कॅस्ट्रो यांनी या दिवसांना ‘शांततेच्या काळातला विशेष कालखंड’ असं नाव दिलं. नाव सौम्य होतं, दिवस नव्हते. माणशी रोजचा आहार सुमारे २९०० उष्मांकांवरून १९००च्या आसपास घसरला. वजनं सरासरी पाच-साडेपाच किलोंनी उतरली. १९९१ ते १९९३ या काळात पन्नास हजारांहून अधिक लोकांना नजर अंधुक होण्याचा, हातपाय बधिर पडण्याचा विकार जडला. निकस आहार आणि ‘ब’ जीवनसत्त्वांचा अभाव हे त्यामागचं मोठं कारण होतं. शेवटी सरकारला घरोघरी जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटाव्या लागल्या. याच काळात, १९९२मध्ये, भारतातूनही क्युबाला गहू गेला. नरसिंह राव पंतप्रधान होते. डाव्या पक्षांनी वर्गणीतून गहू जमवला आणि सरकारनेही त्यात आपली भर घातली.

पण बाहेरून आलेला गहू किती दिवस पुरणार? आणि गव्हाने भाजीची उणीव कशी भरून निघणार? खेड्यात भाजी पिकली तरी ती वीस लाख वस्तीच्या हवाना शहरात आणायला ट्रकला डिझेल नव्हतं. मग भाजी शहरातच पिकवायची असं ठरलं. मोकळ्या जागा होत्या. पडलेल्या इमारतींचे भूखंड होते, वाहनतळ होते, कचरा टाकायची मैदानं होती. नव्हती ती माती. कुठे राडारोडा, कुठे काँक्रीट, कुठे दगडासारखी घट्ट झालेली जमीन. अशा ठिकाणी नांगर घालून उपयोग नसतो. तिथे एकच मार्ग उरतो. जमिनीवर भिंती उभारायच्या आणि बाहेरून माती आणून त्या पेट्या भरायच्या.

अशा पेट्या क्युबात काही प्रमाणात आधीच होत्या, पण वेगळ्याच कामासाठी. ही हकिकत सांगायची तर थोडं मागे जावं लागेल. कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ विल्यम गेरिक यांनी मातीशिवाय, क्षारांच्या द्रावणावर टोमॅटोची उंचच उंच झाडं वाढवून दाखवली आणि १९३७मध्ये या पद्धतीला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने अटलांटिकमधल्या असेन्शन या खडकाळ बेटावर अशीच भाजी काढली. आपल्याकडे बंगालमध्ये, कालिंपाँगला, जेम्स शोल्टो डग्लस यांनी १९४६च्या सुमारास हीच पद्धत कमी खर्चात, साध्या साधनांत बसवली. ती पुढे ‘बंगाल पद्धत’ म्हणूनच ओळखली गेली. क्युबातही असे लांबट हौद बांधले गेले होते. त्यांत खडी असायची आणि रोपांना द्रावण पाजलं जायचं. द्रावणाचे क्षार बाहेरून येत. व्यापार तुटला तसे क्षारही संपले आणि हौद कोरडे पडले.

मग अनेक ठिकाणी त्याच हौदांत कुजवलेलं खत आणि माती भरली गेली. नावातही तेवढाच बदल झाला. ‘हिद्रोपोनिको’चं ‘ऑर्गानोपोनिको’ झालं. पाण्याच्या जागी सेंद्रिय खत आलं.

ही कल्पना मात्र ऐन उपासमारीत सुचलेली नव्हती. क्युबाच्या सैन्याच्या भाजीपाला केंद्रात आना लुईसा पेरेस या कृषी अभियंता रसायनांशिवाय पेट्यांमध्ये भाजी वाढवून पाहत होत्या. १९८७च्या डिसेंबरात संरक्षणमंत्री राउल कॅस्ट्रो यांनी ते काम पाहिलं आणि ते सगळीकडे न्यायला सांगितलं. वेढा पडला तर सैनिकांना ताजी भाजी कुठून द्यायची, ही सैन्याची काळजी होती. वेढा पडला नाही, टंचाई आली, आणि पद्धत तयार होती. १९९१मध्ये जनरल मोइसेस सिओ वाँग यांच्या पुढाकाराने हवानाच्या मिरामार भागात, एका हमरस्त्यालगत, नागरी वस्तीतली अशी पहिली बाग उभी राहिली. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. संकटात माणसाला युक्ती सुचते असं आपण म्हणतो, पण ती युक्ती बहुधा कोणीतरी आधीच, गाजावाजा न करता, करून पाहिलेली असते.

आता हे वाफे असत कसे ते सांगतो. रुंदी साधारण सव्वा मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचावा इतकी. लांबी जागेप्रमाणे पंधरा ते तीस मीटर. भिंती जे मिळेल त्याच्या. दगड, फळ्या, काँक्रीटच्या लाद्या, छपरांची कौलं, फुटके ॲस्बेस्टॉसचे पत्रेसुद्धा. ॲस्बेस्टॉसचा धोका आज आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा त्याची नक्कल कोणी करू नये. आतल्या भरावात निम्मं किंवा त्याहून जास्त कुजलेलं खत. त्यात शेणखत, गांडूळखत आणि साखर कारखान्यातला प्रेसमड. आपल्या कारखान्यांच्या आवारात प्रेसमडचे काळे ढीग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याची ओळख नव्याने करून द्यायला नको.

या खतातच सगळं मर्म आहे. पेटीतली माती शेतातल्या मातीसारखी नसते. तिला खालून आधार नाही, मुळांना खोल जायला वाट नाही, आणि रोजच्या पाण्याबरोबर तिचा कस वाहून जातो. एक पीक काढलं की पेटीतली पातळी बोट-दोन बोटं खाली बसलेली दिसते. ती दर पिकानंतर भरावी लागते. म्हणून हवानात भाजीच्या बागांबरोबर खताचे ढीग, गांडुळांचे हौद आणि रोपवाटिका उभ्या राहिल्या. कोपऱ्याकोपऱ्यावर बियाणं आणि सल्ला देणारी छोटी दुकानं निघाली. वाफ्यांच्या टोकांना झेंडू लावला, कडेने मका आणि ज्वारी. किडीसाठी कडुनिंब वापरात आला. आपल्या दारातल्या या झाडाची क्युबाने मुद्दाम लागवड केली.

भाजी होती लेट्यूस, मुळा, पालेभाज्या, कांद्याची पात, काकडी, शेंगा. सकाळी तोडायची आणि बागेच्या फाटकावरच्या टपरीत विकायची, म्हणजे वाहतुकीचा प्रश्नच नाही. वर्षाला दर चौरस मीटरमागे वीस किलो भाजी हे सरकारी उद्दिष्ट होतं. १९९७मध्ये हवानाच्या पूर्वेला, आलामारच्या एकसारख्या चाळवजा इमारतींच्या कुशीत मोजक्या लोकांनी एक बाग सुरू केली. पुढे ती दहा हेक्टरांच्या आसपास वाढली आणि दीडशेच्या वर माणसांना तिथे काम मिळालं.

इथे मला थोडं सावधपणे बोललं पाहिजे. क्युबाने शहरात शेती करून स्वतःचं पोट भरलं, असं पुष्कळदा लिहिलं जातं. तसं झालं नाही. या वाफ्यांनी शहरांना ताजी भाजी दिली आणि ताटात हिरवा रंग परत आणला, हे खरं. पण तांदूळ, गहू, तेल, दूध या वाफ्यांत पिकत नाही. नंतरची अनेक वर्षं क्युबा आपल्या अन्नाचा मोठा हिस्सा बाहेरूनच आणत राहिला. २०२०नंतर तिथे पुन्हा तीव्र टंचाई आली. २०२४मध्ये लहान मुलांसाठी दूध पावडर द्या, अशी विनंती क्युबाला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे करावी लागली. वाफे तेव्हाही होते. भाजीच्या परडीकडून धान्याच्या कोठाराचं काम होत नाही, एवढाच याचा अर्थ.

मग आपल्याला या गोष्टीतून घेण्यासारखं काय आहे? योगायोग असा की त्याच वर्षांत महाराष्ट्रातही एक माणूस मातीकडे याच नजरेने पाहत होता. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. ‘प्रयोग परिवार’ हे त्यांचं काम. पालापाचोळा कुजवून माती कशी घडवावी आणि चौरस फुटात पडणाऱ्या उन्हाचा हिशेब कसा मांडावा, हे ते शेतकऱ्यांना समजावून सांगत. २००१मध्ये ते गेले. त्यानंतर वर्षभरात, २००२मध्ये, तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी त्यांच्या विचारांच्या आधाराने बाग सुरू केली. भाज्यांची देठं, साली, उरलंसुरलं सगळं खाली कचऱ्यात न जाता वर गच्चीवर जाऊ लागलं आणि पिंपांत, टोपल्यांत त्याची माती होऊ लागली. तिथे उपासमार नव्हती. तिथे प्रश्न कचऱ्याचा होता. उत्तर मात्र हवानासारखंच निघालं.

आज गच्चीवर बाग करायची म्हटली की आपण आधी कुंड्यांची चौकशी करतो. प्लॅस्टिकच्या घ्याव्यात की सिमेंटच्या, केवढ्याच्या, कुठल्या रंगाच्या. क्युबातल्या लोकांना निवड करायला वावच नव्हता. हाती लागेल त्याची भिंत त्यांनी केली आणि सगळं लक्ष आत काय भरायचं याकडे दिलं. ज्यांना पिंपात भाजी लावायची आहे त्यांना मी एवढंच सुचवेन की गच्ची वजन पेलेल का ते आधी जाणत्या माणसाला विचारा, आणि रोपं आणायच्या दोन-तीन महिने आधी घरातला ओला कचरा कुजवायला घाला. तो काळा, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचा झाला की बी टाका. पुढच्या पिकाचं खत त्याच दिवशी दुसऱ्या पिंपात कुजत पडलेलं असू द्या.