प्रोबची परीक्षा

बिघडलेले रेडिओ व ध्वनिवर्धक दुरुस्त करणारा कारागीर ऑसिलोस्कोप, म्हणजे दोलनदर्शक, विकत घेतांना चार ठिकाणीं चौकशी करतो, किंमतीची घासाघीस करतो. परंतु त्या यंत्राला जोडावयाचा प्रोब मात्र दुकानदार देईल तो उचलतो. यंत्राचा डोळा चांगला असावा आणि त्याच्यावर झापड असावी, तसला हा प्रकार होय. प्रोब स्वस्त कसा झाला आणि त्या स्वस्ताईंत काय पारखून घ्यावें, हें कळण्यास थोडें मागें जावें लागतें.

१८९७ सालीं स्ट्रासबर्ग येथें कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानें ऋणकिरणांची कांचनलिका तयार केली. विजेच्या चढउताराबरोबर तिच्या टोंकावरील चमकता ठिपका हलूं लागला. दोन वर्षांनीं त्याचा साहाय्यक योनाथान झेनेक यानें तो ठिपका ठराविक गतीनें आडवा सरकविण्याची योजना केली, आणि विजेची लहर डोळ्यांना दिसली. १९०९ सालीं ब्राउनला मार्कोनीच्या जोडीनें नोबेल पारितोषिक मिळालें, तें बिनतारी संदेशवहनाबद्दल, नलिकेबद्दल नव्हे! पुढें १९२२ च्या सुमारास अमेरिकेंत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या जे. बी. जॉन्सन यानें तीनचारशें व्होल्टांवर चालणारी नलिका सिद्ध केली. तेव्हांपासून हें यंत्र साध्या टेबलावर ठेवतां येऊं लागलें.

तें सामान्य कारागिराच्या घरांत शिरलें मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर. हीथ कंपनीचा मालक हॉवर्ड अँथनी यानें युद्धांतून उरलेला विद्युत्साहित्याचा साठा घाऊक विकत घेतला, आणि १९४७ सालीं सुट्या भागांची पेटी 'ओ-१' या नांवानें विक्रीस काढली. चाळीस-पन्नास डॉलरांत पेटी मिळे. जोडणी गिऱ्हाइकानें घरीं बसून करावयाची. त्याच वर्षीं पोर्टलंड शहरांतील टेक्ट्रॉनिक्स कंपनीचें '५११' हें यंत्र ७९५ डॉलरांस विकलें जात होतें. दोहोंत अंतर पुष्कळ. पण दोहोंपुढें अडचण एकच. परीक्षा करावयाच्या रेडिओपासून यंत्रापर्यंत लहर आणावयाची कशी?

उघडी तार घेतली तर ती घरांतील दिव्यांच्या तारांची गुणगुण ओढून घेते. म्हणून तिच्यावर धातूच्या जाळीचें वेष्टन घालतात. गुणगुण थांबते, पण आंतली तार व बाहेरची जाळी मिळून एक लांबलचक धारक, म्हणजे कंडेन्सर, तयार होतो. साध्या केबलीची धारकता मीटरमागें सुमारें १०० पिकोफॅरड भरते. आंकडा लहान, परिणाम लहान नाहीं. यंत्राचा स्वतःचा रोध १० लक्ष ओहम असतो. परंतु सेकंदास १० लक्ष कंपनें करणाऱ्या लहरीला या केबलींतून अवघ्या १,६०० ओहमांची पळवाट मिळते. ४५५ किलोसायकलवर जुळविलेल्या रेडिओच्या मंडलाला अशी केबल लावली कीं तें बेसूर होतें. रेडिओंतील आंदोलक तर कित्येकदां बंदच पडतो. वैद्यानें हात धरावा आणि तेवढ्यानेंच नाडी थांबावी! मग कारागीर धडधाकट भाग काढून नवा घालतो, गिऱ्हाइकाचे पैसे जातात, आणि दोष जेथल्या तेथें राहतो.

यावरचा उपाय दिसावयास विचित्र आहे: लहरीचे नऊ दशांश टाकून द्यावयाचे. प्रोबच्या टोंकांत ९० लक्ष ओहमांचा रोधक बसवितात. तो व यंत्रांतील १० लक्ष मिळून एक कोटि होतात, आणि यंत्राकडे मूळ दाबाचा दहावा हिस्सा पोंचतो. रोधकाला समांतर असा एक लहान धारक असतो. टोंकाकडील रोध व धारकता यांचा गुणाकार यंत्राकडील गुणाकाराइतका झाला, कीं मंद व शीघ्र लहरी सारख्याच प्रमाणांत लहान होतात. केबल व यंत्र मिळून १०८ पिकोफॅरड असतील तर टोंकांत १२ लागतात, आणि रेडिओवर भार पडतो तो जेमतेम ११ चा. हा मेळ बसविण्यासाठीं प्रोबला चिमुकला स्क्रू असतो. यंत्राच्या दर्शनी भागावर मिळणारी चौकोनी लहर लावावयाची, आणि तिचे कोपरे वाटोळे नाहींत व उसळलेलेहि नाहींत असे होईपर्यंत तो फिरवावयाचा. अर्ध्या मिनिटाचें काम. पण पुष्कळजण तेंच टाळतात.

एवढ्यानेंहि भागलें नाहीं. अतिशीघ्र लहर केबलीच्या टोंकांवर आपटून मागें फिरे, आणि मुळांत नसलेलीं कंपनें पडद्यावर उमटत. टेक्ट्रॉनिक्समधील जॉन कॉबी व विल्यम पॉलिट्स यांनीं यावर जी युक्ति काढली ती शहाण्यासहि प्रथम चूकच वाटावी. केबलीच्या मध्यभागीं उत्तम वाहक तांबें असावें ही सर्वांची समजूत. त्यांनीं तेथें केसासारखी बारीक, रोध असलेली तार घातली. परत फिरणारी लहर त्या रोधांत विरून जाते, आणि तार बारीक असल्यानें धारकताहि घटते. १९५९ सालीं त्यांना या शोधाचें पेटंट मिळालें. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें पेटंटाची मुदत १७ वर्षांची होती. ती सरल्यावर ही युक्ति सर्वांस मोकळी झाली. आज लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत कांहीं शें रुपयांस मिळणाऱ्या प्रोबांत जो गुण आढळतो, त्याचें मूळ येथें आहे.

म्हणून प्रोब घेतांना एक परीक्षा दुकानांतच करावी. त्याचें बटण 'एकपट'वर ठेवून टोंकापासून जोडापर्यंत मीटरनें रोध मोजावा. शेंदोनशें ओहम दिसले तर नवशिका प्रोब सदोष म्हणून परत करील. वस्तुतः तीच अस्सलपणाची खूण. एक ओहमाहून कमी दिसला, तर आंत साधी केबल आहे. याच कारणानें तुटलेल्या प्रोबला रेडिओच्या एरियलची केबल जोडून तो पुन्हां पूर्वीसारखा होत नाहीं.

यंत्राच्या जोडाशेजारीं त्याची धारकता छापलेली असते, उदाहरणार्थ २५ पिकोफॅरड. प्रोबच्या स्क्रूची मर्यादा तिला सामावणारी हवी. नाहींतर महागडा प्रोबहि त्या यंत्रावर जुळणार नाहीं. २० किंवा ५० मेगाहर्ट्झच्या यंत्राला १०० मेगाहर्ट्झचा प्रोब पुरेसा होतो. ५०० चा घेणें म्हणजे निव्वळ हौस. 'एकपट'वर मात्र असा प्रोब ६ मेगाहर्ट्झच्या आसपासच थकतो, तेव्हां नित्य काम 'दहापट'वर करावें. शिवाय जमिनीच्या जोडणीची वीतभर तार स्वतःच शंभर-सव्वाशें मेगाहर्ट्झवर घुमूं लागते. तिच्याऐवजीं टोंकाशीं बसणारी इवलीशी स्प्रिंग वापरली, तर स्वस्त प्रोबचें काम पुष्कळ सुधारतें.

दाबाच्या बाबतींत मात्र काटकसर नको. २३० व्होल्टांच्या घरगुती विजेचें शिखर ३२५ व्होल्टांपर्यंत जातें, आणि पुष्कळ प्रोबांची 'एकपट' मर्यादा ३०० च असते. त्याहून मोठा धोका जमिनीच्या चिमट्याचा. तो यंत्राच्या धातूच्या सांगाड्यामार्फत थेट भूमीस जोडलेला असतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जुन्या रेडिओंत धातूचा तळच विजेच्या एका तारेला जोडलेला असे. चिमटा तेथें लावला तर मोठी ठिणगी उडून प्रोब, यंत्र आणि प्रसंगीं कारागीरहि भाजून निघतो. यावर कांहींजण यंत्राच्या प्लगांतील भूमीची तार कापून टाकतात. तसें केल्यास यंत्राचा सांगाडाच जिवंत होतो आणि हात लावणाऱ्याच्या जिवावर बेततें. रेडिओला वीज पृथक्कारक ट्रान्सफॉर्मरमधून द्यावी, आणि यंत्राची भूमीची तार आहे तशीच ठेवावी.