स्टँपवरच्या फारकतीने लग्न मोडत नाही

चांदूर बाजारात काय किंवा अमरावतीत काय, एक समज पक्का रुजला आहे: नवराबायकोचं ‘सेपरेशन’ झालं की लग्न संपलं. कोणी स्टँपपेपरवर फारकत लिहून नोटरीचा शिक्का घेतो, कोणी सात वर्षं वेगळं राहिल्यावर आपोआप सुटका झाली असं धरून चालतो. हा समज खोटा आहे आणि त्याची झळ बहुधा बाईलाच बसते.

आधी पूर्वपक्ष. फारकत ही वऱ्हाडात पळवाट नव्हती. मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, पण वऱ्हाड त्या प्रांतात नसल्याने तो इथे लागू नव्हता. इथल्या अनेक जातींत पंचांसमोर काडीमोड होई, बाईचा पाट लागे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २९मध्ये अशी रूढी राखलीसुद्धा. मग आजची फारकत का चालू नये?

कारण कायद्याने रूढी राखली आहे, कागद नव्हे. ती रूढी त्या समाजात दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली गेलेली असावी लागते. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या २००२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की रूढीचा घटस्फोट हा सर्वसाधारण कायद्याला अपवाद आहे. असा घटस्फोट झाल्याचं जो सांगतो त्याने ती रूढी मांडून सिद्ध करावी. नोटरीच्या शिक्क्याने फार तर सह्या खऱ्या ठरतात, रूढी ठरत नाही.

सात वर्षांचंही तसंच. कायद्यातली सात वर्षं जिवंत असल्याची खबरच नसलेल्या जोडीदारासाठी आहेत. सोडून दिल्याच्या कारणासाठी दोन वर्षं पुरतात, पण त्यातून फक्त अर्ज करण्याचा हक्क मिळतो. कोर्टाने कलम १०खाली ‘ज्युडिशियल सेपरेशन’ दिलं तरी एकत्र राहण्याचं बंधन तेवढं सुटतं. दुसरं लग्न करता येत नाही आणि मृत्युपत्र नसेल तर वारसाहक्कही टिकतो. त्यानंतर वर्षभर संसार पुन्हा जुळला नाही, तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो. पण तो मागावाच लागतो.

फारकतीच्या कागदावर ‘आम्ही राजीखुशीने वेगळे राहतो’ हे वाक्य हमखास असतं. त्यातच खरा घात आहे. पोटगीच्या तरतुदीत, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४मध्ये, परस्परसंमतीने वेगळी राहणारी पत्नी पोटगीला मुकते. म्हणजे ती कायद्याने पत्नीच राहते आणि पोटगीचा दावा मात्र स्वतःच्या सहीने दुबळा करून बसते. त्या कागदाच्या भरवशावर नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं. त्या दुसऱ्या बाईचीही फसगत होते.

कोर्टात वेळ आणि पैसा जातो, हा आक्षेप खरा आहे. पण वर्षभर वेगळे राहिलेल्या जोडप्याला कलम १३-ब खाली संमतीने अर्ज करता येतो, आणि त्यानंतर सहा महिने थांबण्याची अट योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरवलं आहे. १९८७च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील दिला आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा असतो.

पंचांनी बसावं, स्त्रीधन, पोटगी, लेकरांचा ताबा यांवर तडजोड घडवावी. ते काम कोर्टापेक्षा त्यांना अधिक चांगलं जमतं. मात्र त्या अटी स्टँपवर न थांबता संमतीच्या अर्जात गेल्या पाहिजेत. हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांत लग्न मोडायला, रूढी सिद्ध नसेल तर, कोर्टाचा हुकूमनामाच लागतो.