वरचा दात, हलका दात आणि डोळा

‘वरचा दात काढला की डोळा अधू होतो,’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे. शाळेत दंततपासणी झाली आणि डॉक्टरांनी एखाद्या मुलाचा किडलेला दात काढायला सांगितला, की घरून हाच निरोप येतो. ही समजूत आली कुठून? आम्ही शोध घेतला, तेव्हा तिचे मूळ थेट सुश्रुतसंहितेत सापडले.

पनवेलला आयुर्वेदाची जुनी परंपरा आहे. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे ‘श्री धूतपापेश्वर’ ही आयुर्वेदीय औषधे बनवणारी संस्था सुरू केली. अशा परंपरेतले वैद्य जे ग्रंथ पढत, त्यांत सुश्रुतसंहिता प्रमुख. हलणाऱ्या दातांबद्दल तिच्यात काय आहे ते आधी पाहू.

सुश्रुताने मुखाचे ६५ रोग सांगितले आहेत. त्यांपैकी ८ दातांचे आणि १५ दातांच्या मुळांचे, म्हणजे हिरड्यांचे. हिरड्यांतून पू व रक्त येऊन दात हलू लागतात त्या रोगाला त्याने ‘दंतवेष्ट’ म्हटले आणि तो दातांच्या यादीत न घालता हिरड्यांच्या यादीत घातला. ही वर्गवारी फार महत्त्वाची आहे. दात हलतो, पण बिघाड दातात नसून त्याला धरून ठेवणाऱ्या भागात आहे, हे या वैद्याने नुसत्या डोळ्यांनी ओळखले होते.

उपचारही त्याला अनुसरूनच आहेत. हिरडीतले दूषित रक्त काढावे, मग लोध्र, पतंग, ज्येष्ठमध व लाख यांचे चूर्ण मधात कालवून चोळावे आणि वड-उंबरासारख्या चीक असलेल्या झाडांच्या काढ्याच्या गुळण्या कराव्यात. आपल्या घरांत बकुळीच्या किंवा बाभळीच्या सालीची पूड हलत्या दातांना लावतात, ती याच जातीची.

चिनी वैद्यांनी याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. त्यांच्या मते मूत्रपिंड हाडांचे पोषण करते आणि दात म्हणजे हाडांचाच वर आलेला शेष. ‘ह्वांगदी नेईजिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आयुष्याची गणती दातांवरून केली आहे. मुलीचे दुधाचे दात सातव्या वर्षी आणि मुलाचे आठव्या वर्षी पडू लागतात. पुरुषाची मूत्रपिंडाची शक्ती चाळिशीत ओसरू लागते आणि चौसष्टाव्या वर्षी दात व केस जातात. म्हणून म्हातारपणी दात हलू लागले की मूत्रपिंडाला बळ देणारी औषधे. हिरड्या सुजून लाल झाल्या असतील तर मात्र जठरातली ‘उष्णता’ कमी करणारी. आपल्याकडे चरकानेही शरीरातल्या ३६० हाडांत ३२ दात आणि त्यांच्या ३२ खोबणी मोजल्या आहेत.

आज आपल्याला काय ठाऊक आहे? दात म्हणजे हाड नव्हे. तो जबड्याच्या हाडात पक्का रोवलेलाही नसतो. बारीक तंतूंच्या पट्ट्याने तो खोबणीत टांगलेला असतो. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात जिवाणूंचा थर साचतो. त्याच्याशी झुंजताना हिरडी सुजते आणि हळूहळू तंतू व हाड झिजतात. तंबाखू आणि मधुमेह यांनी ही झीज वेगाने होते. म्हणजे वयाबरोबर दात हलू लागतात हे चिन्यांचे निरीक्षण खरे, पण वय हे कारण नव्हे. वर्षानुवर्षांचा हिशेब त्या वयात पुढे येतो, एवढेच.

मग तुरट पुडीने बरे का वाटते? तुरट पदार्थांतली टॅनिन प्रथिनांना घट्ट करतात. त्यामुळे हिरडीचा पृष्ठभाग आकसतो व रक्त कमी येते. पण झिजलेले हाड परत येत नाही. रक्त थांबले म्हणून रोग गेला असे वाटते आणि आत झीज चालूच राहते. तंबाखूची मिश्री तर याहून घातक. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरायला बंदी केली, ती उगाच नाही.

आता डोळ्याकडे येऊ. घट्ट मुळाचा वरचा दात उपटला तर अतिरक्तस्राव होऊन माणूस काणा होतो, त्याचे तोंड वाकडे होते. म्हणून वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये, असे सुश्रुत बजावतो. बधिरीकरण नव्हते, रक्त थांबवण्याची साधने तोकडी होती, तेव्हा हा सावधपणा समजण्यासारखा आहे. पण दृष्टीची नस वेगळी, चेहरा हलवणारी नस वेगळी आणि वरच्या दातांची संवेदना नेणारी नस वेगळी. दात काढल्याने दृष्टी जात नाही. उलट, वरच्या दाताचा पू तसाच राहिला, तर क्वचित संसर्ग डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचतो. ज्या भीतीने आपण दात राखतो, ती भीती खरी करण्याचा मार्ग दात राखण्यातच आहे!

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. अंड्याचा पांढरा बलक पाण्यात ढवळून गाळून घ्या. त्यात बाभळीच्या सालीचा किंवा कोऱ्या चहाचा दाट, गार काढा घाला. पाणी गढूळ होऊन साका बसू लागेल. हेच हिरडीवर घडते. मग मुलांना विचारा : याने हिरडी घट्ट होईल, पण दातामागचे हाड वाढेल का? या प्रश्नाचे उत्तर मुले स्वतः शोधून घरी घेऊन गेली, तर दंततपासणीनंतर घरून येणारा निरोपही बदलेल.