तळटीप : लगत नसलेल्या वाहिन्या
येथे ‘लगत नसलेल्या वाहिन्या’ म्हणजे रेडिओ वर्णपटात एकमेकींना खेटून नसलेले, मधल्या पट्ट्याने विलग झालेले वारंवारतेचे दोन भाग; ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रडारचाही वावर असल्याने १६० मेगाहर्ट्झची सलग मोकळी जागा मिळणे कठीण असते, आणि म्हणूनच २०१३ च्या ८०२.११एसी या वाय-फाय मानकाने ८० मेगाहर्ट्झचे असे दोन सुटे तुकडे एकत्र वापरण्याची मुभा दिली. अशा तंत्रावरील पेटंट त्या वारंवारतांची मालकी मुळीच देत नाही, हा भेद वाचकाने काटेकोरपणे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. संरक्षण मिळते ते माहिती दोन वाहिन्यांत विभागण्याच्या व पलीकडे पुन्हा सांधण्याच्या, दाव्यांत नेमक्या शब्दांनी वर्णिलेल्या पद्धतीला, आणि तेही सामान्यतः अर्जाच्या तारखेपासून २० वर्षेच.