सूचीपत्रातील बंदूक

आपल्याकडे बंदुकीची कथा जिल्हाधिकाऱ्याच्या परवान्यापासून सुरू होते. अमेरिकेत ती पुष्कळ वर्षे दुकानदाराच्या सूचीपत्रापासून सुरू होत असे. शिकागोच्या सीअर्स रोबक कंपनीचे जाडजूड सूचीपत्र दूरदूरच्या शेतघरांत जाई. त्यात शिवणयंत्रे, चुली, कपडे यांच्या जोडीला पिस्तुले आणि बंदुकाही असत. गुरे राखणाऱ्या शेतकऱ्याला त्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते. १९२७ साली लपवून नेता येतील अशी शस्त्रे टपालाने धाडण्यास कायद्याने बंदी झाली. पण खासगी पार्सल कंपन्यांचा मार्ग मोकळाच राहिला, आणि लांब नळीच्या बंदुकीला तर हा कायदा लागूच नव्हता. दरवाजा उघडा आणि मोरीला बोळा, असाच हा प्रकार होय.

त्या उघड्या दरवाजाने काय आत आले ते जगाने १९६३ साली पाहिले. मार्चमध्ये ली हार्वे ओस्वाल्डने मासिकातील जाहिरातीचे कूपन भरून शिकागोच्या क्लाइन्स या क्रीडासाहित्याच्या दुकानाकडे धाडले. नाव खोटे. दुर्बीण बसविलेली जुनी इटालियन लष्करी रायफल, किंमत १९ डॉलर ९५ सेंट. टपालखर्च धरून २१ डॉलर ४५. माल डॅलसच्या टपालपेटीवर बिनबोभाट पोचला. दुकानदाराने कायदा मोडला नव्हता, टपालखात्यानेही नाही. गिऱ्हाइकाचा चेहरा तेवढा दुकानात कोणी पाहिला नव्हता. २२ नोव्हेंबरला त्याच रायफलीने अध्यक्ष केनेडींचा प्राण घेतला.

यावर लगोलग कायदा झाला असेल असे आपणांस वाटेल. तसे झाले नाही. सेनेटर टॉमस डॉड यांचे प्रयत्न वर्षानुवर्षे रखडले. (बंदुकांचे मोठे कारखाने असलेले कनेटिकट हेच त्यांचे राज्य, हेही ध्यानात ठेवावे.) १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून पडले, तेव्हा कोठे त्या ऑक्टोबरात परराज्यातून टपालाने बंदूक मागविण्याची सामान्य गिऱ्हाइकाची सोय बंद झाली.

बंदूक अशी परवानाधारक दुकानाच्या फळीवर आली, आणि पुढे वॉलमार्टसारख्या साखळी-दुकानांनी ती गावोगाव नेली. आता चेहरा दिसू लागला. पण चेहऱ्यावरून मन कळते थोडेच! २०१८ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले. 'डिक्स' या साखळी-दुकानांचे प्रमुख एडवर्ड स्टॅक यांनी दप्तर तपासविले, तो त्या तरुणाला एक बंदूक त्यांच्याच दुकानाने विकली होती. हत्याकांडातली ती नव्हे, पण विक्री सर्व नियम पाळून झालेली. स्टॅक यांना तेच टोचले. त्यांनी लष्करी धाटणीच्या रायफली विकणे बंद केले.

वॉलमार्टने हेच २०१५ मध्ये केले होते; कारण सांगितले, मागणी घटली. हा दुकानदारी हिशेब झाला. स्टॅक यांचा हिशेब आम्हांला निराळा वाटतो. उरलेल्या रायफली कारखानदाराला परत केल्या असत्या तर त्या दुसऱ्या कुणाच्या फळीवर गेल्या असत्या. सुमारे ५० लाख डॉलरांचा तो माल त्यांनी मोडून भंगारात घातला.