कशावरून? रेल्वेच्या डब्यातला आवाज आणि माझ्या प्रस्तावनेतलं पहिलं वाक्य

मागच्या महिन्यात प्रबंधाच्या प्रस्तावनेचा पहिला मसुदा गाईड मॅडमना दिला. त्यातलं पहिलंच वाक्य होतं, 'रेल्वेच्या डब्यातील गोंगाट ही मोबाईलनंतरची समस्या आहे.' मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, 'कशावरून?'

माझा विषय ध्वनीचं मोजमाप. एम.एस्सी. फिजिक्समध्ये झाली, त्यामुळे आकड्याला संदर्भ लागतो हे अंगवळणी पडलंय. पण हे वाक्य मला इतकं उघड वाटलं होतं की त्यालाही पुरावा लागेल असं मनातच आलं नाही. त्या एका शब्दापायी तीन आठवडे गेले. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना उपयोग होईल म्हणून ते तीन आठवडे इथे मांडते.

वाक्य सुचलं कुठे?

साताऱ्याहून सांगलीला येताना. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, दुपारची वेळ, डबा भरलेला. रहिमतपूरपासून समोरचा मुलगा स्पीकरवर रील्स बघत होता. मी पेपर वाचायचा प्रयत्न करत होते आणि एकच ओळ चौथ्यांदा वाचत होते. शेवटी कराडला चढलेल्या एक काकू म्हणाल्या, "बाळा, आवाज जरा बारीक कर की." पोरगं लाजलं, "व्हय काकू" म्हणालं आणि त्याने आवाज बंदच केला. पाचच मिनिटांत काकूंचा फोन वाजला. लेकीशी ताकारी येईपर्यंत त्या अशा आवाजात बोलल्या की लेकीच्या सासूचं दुखणं अख्ख्या डब्याला पाठ झालं.

त्या दिवशी घरी येऊन मी ते वाक्य लिहिलं. म्हणजे माझा पुरावा काय, तर एक प्रवास आणि माझी चिडचिड.

पहिली चूक: शब्द शोधणं

सुरुवात कायद्यापासून केली. 1890 चा भारतीय रेल्वे कायदा इंग्रजीत आहे, म्हणून 'नॉइज' हा शब्द टाकून शोधलं. प्रवाशांच्या वागण्याविषयीच्या कलमांत काहीच हाती लागलं नाही. मी खूश! तेव्हा ही समस्याच नव्हती, असा निष्कर्ष काढून मोकळी होणार होते.

मग ती कलमं सलग वाचली. कलम 120 मध्ये नशेत असणं, उपद्रव किंवा असभ्य वर्तन करणं, शिवीगाळ करणं आणि मुद्दाम दुसऱ्या प्रवाशाच्या आरामात व्यत्यय आणणं हे सगळं आहे. दंड 50 रुपयांपर्यंत, वर डब्यातून उतरवण्याची तरतूद. गंमत म्हणजे आरामात व्यत्यय आणणं आणि डब्यातला दिवा विझवणं हे एकाच उपकलमात शेजारी शेजारी बसलंय. आवाजाचं वेगळं नाव नाही. तो 'उपद्रव' आणि 'आराम' या शब्दांच्या पोटात आहे.

त्याच कायद्याचं कलम 110 धूम्रपानाचं. धूम्रपानासाठी राखलेला डबा नसेल तर सहप्रवाशांच्या संमतीशिवाय ओढायचं नाही, नाहीतर 20 रुपयांपर्यंत दंड. धुरासाठी शेजाऱ्याला विचारणं कायद्याने 1890 मध्येच सांगितलं. आवाजासाठी असं विचारायला सांगणारं कलम मला दिसलं नाही.

आता 1989 चा कायदा बघा. कलम 145 मध्ये नशा, उपद्रव, शिवीगाळ हे तसंच आहे. पण तिसरा भाग बदललाय. रेल्वेने पुरवलेल्या सुविधेत व्यत्यय आणून प्रवाशाच्या सुखकर प्रवासावर परिणाम करणं, अशी रचना आहे. दिवा, पंखा ही सुविधा झाली. शांतता ही रेल्वेने 'पुरवलेली' सुविधा आहे का? माझ्या वाचनाप्रमाणे आवाजाची तक्रार आता मुख्यतः 'उपद्रव' या एका शब्दावर येऊन टेकते.

दुसरा धक्का: 1902

कायदा म्हणजे प्रत्यक्ष डबा नव्हे, म्हणून प्रवाशांचं लिखाण शोधलं. गांधीजींच्या आत्मकथेत 1902 मधला कलकत्ता ते राजकोट हा तिसऱ्या वर्गाचा प्रवास आहे. तिथे ते सहप्रवाशांच्या सवयी सांगतात: कचरा टाकणं, कधीही विड्या ओढणं, कुठेही थुंकणं, आणि आरडाओरडा व शिव्या. इतरांच्या सोयीची कुणाला पर्वा नसते, ही त्यांची तक्रार. 1915 ते 1919 या काळात पुन्हा सलग तिसऱ्या वर्गाने फिरल्यावरही फारसा फरक दिसला नाही, असं ते नोंदवतात.

मोबाईल नव्हता, रील्स नव्हत्या. माझं वाक्य इथेच संपलं.

पण पुरावा मिळाला की लगेच त्यावर झोपायचं नाही. लिहिणारा कोण, हेही विचारायचं. गांधीजी बॅरिस्टर होते आणि तिसऱ्या वर्गाने जाणं त्यांनी ठरवून निवडलं होतं. त्याच डब्यात बसलेल्या, लिहिता न येणाऱ्या माणसाला तो आवाज कसा वाटत होता? वोल्फगांग शिवेलबुश या जर्मन अभ्यासकाने 1977 मध्ये रेल्वे प्रवासाच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं. त्यात तो दाखवतो की युरोपात वरच्या वर्गातले प्रवासी पुस्तकात तोंड घालून गप्प बसत आणि खालच्या वर्गाच्या डब्यात गप्पा रंगत. लंडनच्या युस्टन स्टेशनवर डब्ल्यू. एच. स्मिथचं पुस्तकाचं दुकान 1848 मध्ये आलं, आपल्याकडे अलाहाबादला व्हीलर 1877 मध्ये. डब्यात गप्प बसणं हा त्या वर्गाचा शिष्टाचार म्हणून घडत गेला.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मिरजेपर्यंत बार्शी लाईट रेल्वे 1927 मध्ये आली आणि आपला भाग पंढरपूरला रुळांनी जोडला गेला. वारीच्या दिवसांत गाडीत टाळ वाजले तर त्याला कुणी गोंगाट म्हणेल का? मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळंही तशीच: एकाला तो रोजचा आधार, तर रात्रपाळी करून परतणाऱ्याला झोपमोड. डेसिबल दोघांसाठी तेवढेच.

मग बदललं काय?

इथे माझं फिजिक्स कामाला आलं. पुणे–मिरज मार्ग 1971 च्या सुमारास ब्रॉडगेज झाला, त्याआधी मीटरगेज. जुने रूळ साधारण 12-13 मीटरचे, दोन रुळांच्या मध्ये फट. गाडी ताशी 60 किलोमीटरने चालली तर एक चाक सेकंदाला 16-17 मीटर जातं, म्हणजे सेकंदाला एकाहून थोडे जास्त ठोके. अशी कितीतरी चाकं, वर वाफेचं इंजिन आणि उघड्या खिडक्या. या सततच्या आवाजात शेजारच्या बाकावरचं बोलणं बुडून जायचं.

आता रूळ जोडून लांबलचक केलेले असतात, वातानुकूलित डब्याच्या खिडक्या बंद. एलएचबी डब्यात आतला आवाज 60 डेसिबलच्या आसपास धरला जातो. समोरासमोरच्या साध्या बोलण्याची पातळीही जवळपास तेवढीच. सप्टेंबर 2024 पासून सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज इथे थांबणारी कोल्हापूर–पुणे वंदे भारत धावते. तिच्यात बसलात तर मागच्या रांगेतला फोन शब्दन्‌शब्द ऐकू येतो. गाडी शांत झाली म्हणून माणूस जास्त ऐकू यायला लागला.

काकूंच्या फोनचंही कारण आहे. भोवती आवाज असला की माणूस नकळत स्वतःचा आवाज वाढवतो; फ्रेंच डॉक्टर एतिएन लोम्बार यांनी 1911 मध्ये हे मांडलं. आणि 2010 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की दोघांचं पूर्ण संभाषण कानावर पडण्यापेक्षा फोनवरची एकच बाजू जास्त लक्ष विचलित करते, कारण पुढचा शब्द काय येईल याचा मेंदूला अंदाज लागत नाही. म्हणजे मोबाईलने गोंगाट जन्माला घातला नाही, पण त्याची जात बदलली.

नियमही याच काळात आले. अमेरिकेत अ‍ॅमट्रॅकच्या फिलाडेल्फिया–वॉशिंग्टन मार्गावर पहाटे जाणाऱ्या रोजच्या प्रवाशांनी स्वतःहून मागणी केली आणि 2000 च्या सुमारास शांत डबा सुरू झाला. भारतात ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 मध्ये आले. त्यात रात्र म्हणजे 10 ते 6. रेल्वेने 2017 मध्ये बर्थवर झोपायची वेळ 9 ऐवजी रात्री 10 ते सकाळी 6 केली. जानेवारी 2022 मध्ये रात्री 10 नंतर फोनवर मोठ्याने बोलणं, गाणी लावणं याविरुद्ध सूचना निघाल्या. पण हे सगळं झोपेच्या रक्षणासाठी. सातारा–सांगली दुपारच्या गाडीत वाचत बसलेल्या माणसासाठी आजही एकच नियम आहे, "आवाज बारीक कर की."

तुमच्यासाठी

1. आजचा शब्द जुन्या कागदात शोधू नका. त्या काळात भांडण कोणत्या नावाने होत होतं ते शोधा. माझ्यासाठी ती नावं 'आराम' आणि 'उपद्रव' होती.

2. तक्रार सापडली की तक्रार करणारा बघा. ज्यांना त्रास झाला नाही किंवा ज्यांना लिहिता आलं नाही, त्यांचा कागद उरत नाही.

3. एखादी गोष्ट वाढलीय असं वाटलं, तर आधी तिच्याभोवतीचं काय कमी झालंय ते तपासा.

नवं वाक्य असं झालं: 'रेल्वेच्या डब्यातील आवाजाविषयीची तक्रार किमान 1902 इतकी जुनी आहे, बदलला आहे तो आवाजाचा स्रोत आणि त्यामागची पार्श्वभूमी.' मॅडमनी वाचलं, मान हलवली. मग पेन्सिल उचलली आणि 'किमान' या शब्दाभोवती गोल केला.

आता 1902 च्या मागे जातेय. तोवर तुम्ही तुमच्या सिनॉप्सिसमधलं पहिलं वाक्य काढा आणि त्याच्या समासात तोच एक शब्द लिहून बघा.