वीस आठवडे

या शनिवारी भातकुलीला घरी होतो. नेट धड चालत नव्हतं, म्हणून आधीच उतरवून ठेवलेले कोर्टाचे निकाल वाचत बसलो. (हो, सुट्टीत मी हेच करतो. बायकोनं हात टेकलेत.) मावशी आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिनं विचारलं, "काय वाचून रायला रे?" म्हटलं, निकेता मेहताची केस, २००८ ची. "थे मुंबईची? आठोते मले."

तर मंडळी, आधी कायदा. १९७१ च्या गर्भपात कायद्यात १२ आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरायचं, १२ ते २० मध्ये दोघांचं. त्यापुढे बाईचा जीव वाचवायला तातडीनं गरज असेल तरच. आमच्या भाषेत सांगायचं तर २० हा आकडा हार्डकोड करून ठेवलेला. पुढे सोनोग्राफी घरोघरी माहीत झाली, गर्भाच्या हृदयातले दोष दिसू लागले, पण बऱ्याचदा दिसतात तेच विसाव्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे दोष कळेपर्यंत मुदत संपलेली!

निकेताबाईंचं नेमकं हेच झालं. बाळाच्या हृदयात गंभीर दोष निघाला, जन्मल्याबरोबर पेसमेकर लागू शकेल असं कळलं, तेव्हा वीस आठवडे उलटून गेले होते. त्या, त्यांचे पती हरेश आणि डॉक्टर निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले. गुपचूप कुठेतरी उरकून घेणारे काय कमी असतात? यांनी सरळ दार ठोठावलं, मला त्याचंच मोल वाटतं.

न्यायालयानं जे. जे. रुग्णालयाच्या डॉक्टरांचं मत मागवलं आणि ४ ऑगस्ट २००८ ला याचिका फेटाळली. तोवर २६ वा आठवडा लागला होता. मूल जन्मलं तर त्याला गंभीर अपंगत्व येईलच, असं डॉक्टरांनी ठामपणे सांगितलेलं नाही. आणि कायद्यातली मुदत बदलणं हे संसदेचं काम, आमचं नाही, असा एकंदर सूर. वाचताना चिडलो, पण दुसरा मुद्दा खोडता येत नाही. आणि ज्या मुलखात मुलगी आहे म्हणून गर्भ पाडले गेले, तिथे न्यायाधीश जपून पाऊल टाकणारच. त्याच महिन्यात निकेताबाईंचा गर्भ आपोआप पडला.

डॉ. दातार मात्र थांबले नाहीत, सर्वोच्च न्यायालयात गेले. नंतर एकेक बाई तिथे जाऊ लागली. जुलै २०१६ मध्ये मुंबईच्याच एका बाईला २४ व्या आठवड्यात परवानगी मिळाली. तिच्या गर्भाची कवटी आणि मेंदू नीट तयार झालेच नव्हते. केईएमच्या डॉक्टरांनी तपासून कळवलं होतं. पण परवानगी तिच्यापुरतीच. पुढचीनं पुन्हा वकील गाठायचा, पुन्हा तारीख. शेवटी २०२१ ला संसदेनं कायदा बदलला: काही ठरावीक बायकांसाठी २४ आठवडे, आणि गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीनं त्यापुढेही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २४ आठवड्यांच्या सवलतीत अविवाहित बायकांनाही धरलं.

आणि जानेवारी २०२३! तेच मुंबई उच्च न्यायालय. ३२ आठवड्यांच्या वर गेलेली बाई. गर्भात व्यंग आहे हे मंडळालाही मान्य, पण फार उशीर झाला म्हणून नकार. न्यायालयानं सांगितलं की निवडीचा हक्क बाईचा आहे, मंडळाचा नव्हे. हे वाक्य मी मावशीला दोनदा वाचून दाखवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "पण इथची बाई?" मग बोटं मोजायला लागली. सोनोग्राफीले अमरावती. मोठ्या डॉक्टरले दाखवाले अजून एक चक्कर. मंग मंडळ. मंडळानं नाही म्हटलं त नागपूरचं हायकोर्ट, दीडशे किलोमीटर. "अन् मजुरी कोन देते तिले तितक्या दिवसाची?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं चहा टाकला.